तीव्र नैराश्य आणि कॉर्टिसॉल : रक्ततपासणीच्या अहवालातून नेमके काय समजायचे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय ६१. गेल्या तीन महिन्यांत त्यांचे वजन आठ किलोंनी घटले आहे, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी जीव नकोसा होतो आणि संध्याकाळकडे थोडे हलके वाटते. मनोविकारतज्ज्ञांनी तीव्र नैराश्याचे निदान करून औषधे सुरू केली आहेत आणि गरज पडल्यास ईसीटीचा (मेंदूला विजेचा सौम्य झटका देऊन करायच्या उपचाराचा) विचार करावा लागेल, असेही सांगून ठेवले आहे. मध्यंतरी एका नातेवाइकांच्या आग्रहाखातर केलेल्या तपासणीत सकाळचे कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारे हार्मोन) कमाल मर्यादेपेक्षा थोडे वर आले आणि तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. हा सगळा तणावाच्या हार्मोनचा आजार आहे, तेव्हा डोक्याच्या गोळ्या बंद करून ते हार्मोन उतरवणारे काहीतरी द्यावे, असे एकांचे म्हणणे; असल्या तपासण्यांना काडीचा अर्थ नसतो, असे दुसऱ्यांचे. शिवाय, वडील गेल्यानंतर आईला गावी एकटे ठेवल्यामुळेच हे झाले का, हाही प्रश्न आपण शेवटी, काहीसा संकोचाने, विचारला आहे.

पहिल्या तटाची चूक अधिक महागात पडणारी आहे, म्हणून आधी एवढे सांगतो की हा अहवाल पाहून सुरू असलेले एकही औषध थांबवू नका. त्यामागची कारणे समजण्यासाठी कॉर्टिसॉलची व्यवस्था जरा तपशिलात पाहावी लागेल.

कॉर्टिसॉल दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमध्ये तयार होते, पण त्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो, त्याच्या सांगण्यावरून पियूषिका ग्रंथी एसीटीएच सोडते आणि एसीटीएच रक्तातून अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचले की कॉर्टिसॉल स्रवू लागते. हे कॉर्टिसॉल परत मेंदूत पोहोचते आणि हायपोथॅलॅमस, पियूषिका व स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस या ठिकाणच्या ग्राहींना (रिसेप्टरना) जाऊन चिकटते, आणि 'आता पुरे' हा निरोप देते. घराच्या गच्चीवरच्या टाकीत तरंगणारा फ्लोट पाणी काठाला आले की मोटार बंद करतो, तसाच हा प्रकार आहे. मोटार चालू होण्यात काहीच गैर नाही. अपघात, ताप, उपासमार, शोक, परीक्षा अशा प्रत्येक प्रसंगी ती चालू झालीच पाहिजे, कारण कॉर्टिसॉलशिवाय माणूस साधा जुलाबही सोसू शकत नाही. प्रश्न निर्माण होतो तो फ्लोट अडकल्यावर.

या ग्राहींचे दोन प्रकार आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. एका प्रकारचे ग्राही कॉर्टिसॉलला सुमारे दहापट अधिक ओढीने धरतात, त्यामुळे पातळी कमी असतानाही ते बहुतांश भरलेले असतात आणि रोजचा ताल सांभाळतात. दुसऱ्या प्रकारचे ग्राही पातळी चढल्यावरच कामाला लागतात आणि मोटार बंद करण्याचे मुख्य काम त्यांचे असते. तीव्र नैराश्यात बिघाड दिसतो तो प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींच्या कामात: कॉर्टिसॉल समोर असूनही त्यांना ते पुरेसे 'ऐकू' येत नाही आणि वरून हुकूम सुटतच राहतात. म्हणूनच 'हार्मोन वाढले' या वर्णनापेक्षा 'ते थांबवणारी यंत्रणा बधिर झाली' हे वर्णन अधिक अचूक आहे. रुग्णाच्या रक्तात कॉर्टिसॉल जास्त असूनही, कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर वाढणाऱ्या कुशिंगच्या आजारासारखा गोल चेहरा किंवा मानेवर चरबीचा उंचवटा सहसा का दिसत नाही, याचा एक उलगडाही या बधिरपणातून होतो.

ही कल्पना पूर्वी साध्या चाचणीने तपासली जात असे. डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड रात्री अकरा वाजता एक मिलिग्रॅम देतात. निरोगी माणसात त्यामुळे यंत्रणेला पुरेसे कॉर्टिसॉल असल्याचा भास होतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे कॉर्टिसॉल खाली राहते. बर्नार्ड कॅरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये असे मांडले की दुसऱ्या दिवशी दुपारी चार आणि रात्री अकराच्या रक्तात कॉर्टिसॉल ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा वर गेले, तर ते मेलँकॉलिया या तीव्र प्रकारच्या नैराश्याचे लक्षण समजावे. त्यांच्या मालिकेत अशा रुग्णांपैकी सुमारे ६७ टक्के या चाचणीत सापडले आणि इतर मनोरुग्णांत चाचणी ९६ टक्के वेळा योग्य रीतीने नकारात्मक आली. मानसोपचारालाही आता बीपीसारखा मोजता येणारा आकडा मिळाला, असे त्या काळी वाटू लागले होते. मी निवासी डॉक्टर होतो तेव्हा या उत्साहाचा शेवट चालू होता. चार वाजताचे रक्त काढण्यासाठी वॉर्डात धावल्याचे मला आठवते आणि आलेल्या आकड्याने त्या रुग्णाच्या उपचारात काहीही बदल झाला नाही, हेही आठवते.

चाचणी मागे का पडली, हे आपल्या अहवालाशी थेट संबंधित आहे. पुढील अभ्यासांत नैराश्याच्या सर्व रुग्णांना धरले तर निम्म्याहून कमी जणांतच ती सकारात्मक येऊ लागली. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे नैराश्य नसलेल्या अनेकांमध्येही ती सकारात्मक येते: झपाट्याने वजन घटलेले, दारू सोडण्याच्या अवस्थेतील, स्मृतिभ्रंश झालेले, नुकतेच रुग्णालयात दाखल झालेले, तसेच फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनसारखी फिटची औषधे घेणारे, कारण या औषधांमुळे यकृत डेक्सामेथासोनच लवकर नष्ट करते. आता आपल्या आईंच्या अहवालाकडे पाहा. त्यांची ही चाचणी झालेलीच नाही; केवळ सकाळचे एक रक्त घेतले गेले आहे. कॉर्टिसॉल जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या ते पाऊण तासात शिखरावर जाते, मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते आणि दिवसभरही एकसंध न स्रवता लाटांनी स्रवते. तीन वाजल्यापासून जागी असलेली, आठ किलोंनी घटलेली, सुईला घाबरलेली आणि उपाशीपोटी प्रयोगशाळेत रांगेत बसवलेली ६१ वर्षांची स्त्री घेतली, तर तिचे सकाळचे कॉर्टिसॉल किंचित वर असण्यासाठी याहून निराळे कारण शोधण्याची गरज नाही.

असे असले तरी दुसऱ्या तटाचे 'काडीचा अर्थ नाही' हे मतही मला मान्य नाही. चार दशकांतील ३६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात नैराश्याच्या रुग्णांत कॉर्टिसॉल सरासरीने जास्त असल्याचे दिसले. मात्र अभ्यास जितका काटेकोर तितका हा फरक लहान होत गेला, आणि तो सर्वांत ठळक होता तो वयाने मोठ्या, रुग्णालयात दाखल झालेल्या आणि मेलँकॉलिया किंवा भ्रमासह नैराश्य असलेल्या रुग्णांत. ज्यांना झोप आणि भूक वाढते, अंग शिशासारखे जड होते, त्या प्रकारच्या नैराश्यात कॉर्टिसॉल बहुधा सामान्य, कधी कमीही असते. 'नैराश्य' हा एकच शब्द आपण अनेक आजारांसाठी वापरतो, आणि त्यांतील एका गटात ही यंत्रणा खरोखर बिघडलेली असते. आपण केलेल्या वर्णनावरून आईंचा आजार याच गटाच्या जवळ जाणारा दिसतो.

या बिघाडाचे पुरावे केवळ रक्तातच मिळतात असेही नाही. चार्ल्स नेमेरॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जू द्रवात सीआरएच वाढलेले असल्याचे दाखवले. दहा वर्षांनी, मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये, हायपोथॅलॅमसमधील सीआरएच तयार करणाऱ्या पेशींची संख्या नैराश्याच्या रुग्णांत सुमारे चौपट आढळली. माझ्या मते हा धागा कॉर्टिसॉलच्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे, कारण सीआरएच केवळ पियूषिकेला हुकूम देत नाही, तर ते मेंदूच्या इतर भागांतही काम करते. प्राण्यांच्या मेंदूत ते सोडले असता भूक मंदावते, झोप मोडते, कामेच्छा कमी होते आणि प्राणी नव्या जागेत वावरायला घाबरू लागतो. कॉर्टिसॉलचा चढलेला आकडा म्हणजे या वरच्या गडबडीचा खाली ऐकू येणारा प्रतिध्वनीही असू शकतो.

उलट दिशेचा पुरावा मात्र दुर्लक्षिता येत नाही, आणि व्यवहारात त्याचाच सर्वाधिक उपयोग होतो. हार्वे कुशिंग यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या आजारात कॉर्टिसॉलची वाढ हाच मूळ बिघाड असतो आणि अशा रुग्णांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांना नैराश्य येते. कॉर्टिसॉल खाली आणल्यावर अनेकांचे मन सावरते. बाहेरून दिलेल्या स्टेरॉइडचेही तसेच आहे. बॉस्टनमधील १९७२ च्या एका मोठ्या पाहणीत प्रेडनिसोनचा डोस दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना १.३ टक्के रुग्णांत मानसिक लक्षणे दिसली, ८० मिलिग्रॅमच्या वर मात्र १८.४ टक्के रुग्णांत. थोड्या दिवसांच्या कोर्समध्ये पुष्कळदा मन उलट अवाजवी उत्तेजित होते, झोप उडते. दीर्घकाळ घेतल्यावर नैराश्याचे पारडे जड होते.

म्हणून मला आपल्याकडून अहवालापेक्षा एक वेगळीच माहिती हवी आहे. आई सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कुणाकडून बिननावाच्या पुड्या किंवा गोळ्या घेत होत्या का? 'दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले' अशी ख्याती असलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा अनुभव आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांना आहे. रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसून 'पुड्या' असतात. असे काही काही आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे स्वतःच्या ग्रंथी झोपी गेलेल्या असतात आणि पुरवठा अचानक तुटला तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. तो पुरवठा फिजिशियनच्या देखरेखीखाली उतरवावा लागतो.

कुशिंगच्या आजाराची शंका घेण्यासाठी केवळ उदासी पुरत नाही. पोटावर रुंद जांभळे चट्टे, जरा लागले की काळेनिळे होणारी पातळ त्वचा, उकिडवे बसल्यावर उठता न येण्याइतकी मांड्यांतली अशक्तता, नव्याने चढलेला रक्तदाब आणि साखर, हे सोबत असेल तर रात्री उशिरा लाळेतील कॉर्टिसॉल, २४ तासांच्या लघवीतील कॉर्टिसॉल किंवा डेक्सामेथासोन चाचणी यांचा मार्ग एन्डोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) धरतात. आईंचे वजन घटते आहे आणि यांपैकी एकही खूण आपण लिहिलेली नाही. वजन घटणे, थकवा आणि खिन्नता यांच्या जोडीला त्वचा काळवंडणे आणि उठल्यावर चक्कर येणे असते, तर मला उलट बाजूची, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याची काळजी वाटली असती. क्षयरोग हे त्याचे आपल्या देशातील जुने कारण आहे. सकाळचे कॉर्टिसॉल वरच्या बाजूला असल्यामुळे ती शक्यता जवळजवळ मिटते, इतका उपयोग या अहवालाचा नक्की झाला. थायरॉइड आणि बी-१२ तपासलेले नसल्यास ते मात्र करून घ्यावे.

आता उपचारांकडे येऊ. कॉर्टिसॉल हेच मूळ असते, तर ते अडवणाऱ्या औषधाने नैराश्य जायला हवे होते, आणि हा प्रयोग एकदा नव्हे तर तीन वेगवेगळ्या मार्गांनी झाला आहे. आपल्याकडे गर्भपाताच्या गोळीतील घटक म्हणून परिचित असलेले मिफेप्रिस्टोन कॉर्टिसॉलचे ग्राहीही अडवते. भ्रमासह असलेल्या नैराश्यात त्याचे सुरुवातीचे छोटे अभ्यास आशादायक होते, पण मोठ्या चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट साधले नाही, आणि २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती कुशिंगच्या आजारातील वाढलेल्या साखरेसाठी. सीआरएचचे ग्राही अडवणाऱ्या औषधांचेही असेच झाले. कॉर्टिसॉलची निर्मिती रोखणारे मेटिरॅपोन, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात, ब्रिटनमधील २०१६ च्या चाचणीत गोळीच्या नावाखाली दिलेल्या निष्क्रिय पदार्थापेक्षा सरस ठरले नाही. या चाचण्यांमध्ये यंत्रणा बिघडलेले आणि न बिघडलेले असे सर्व रुग्ण एकत्र मोजले गेले, ही टीका रास्त आहे आणि संशोधन आता त्या दिशेने चाललेही आहे. परंतु आज आपल्या आईंना देता येईल असे कॉर्टिसॉलविरोधी औषध नाही.

अश्वगंधाबद्दल आपण विशेष विचारले आहे. दैनंदिन ताण जाणवणाऱ्या, एरवी निरोगी लोकांमध्ये तिने कॉर्टिसॉल काहीसे उतरल्याचे छोटे अभ्यास आहेत. जेवण सुटलेल्या आणि झोप उडालेल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णाला तेवढ्यावर सोपवणे म्हणजे घर जळत असताना अंगणात सडा टाकण्यासारखे आहे. शिवाय क्वचित यकृताला इजा झाल्याच्या आणि थायरॉइडची पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा द्यायचीच असेल तर निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांना न सांगता देऊ नका.

नैराश्यविरोधी औषधांनी गुण येऊ लागतो तेव्हा बहुतेक रुग्णांत ही बंद करणारी यंत्रणाही पूर्वपदावर येते. काही औषधे कॉर्टिसॉलच्या ग्राहींची संवेदनक्षमता वाढवतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे, आणि परिणामाला चार ते सहा आठवडे का लागतात याचे ते अंशतः स्पष्टीकरण असू शकते. ईसीटीची गंमत अशी की प्रत्येक उपचारानंतर लगेचच कॉर्टिसॉल तात्पुरते वाढते, पण कोर्स लागू पडला की डेक्सामेथासोन चाचणी सहसा सामान्य होते. म्हणजे एखाद्या क्षणीचा आकडा आणि यंत्रणेची तब्येत या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'शॉक'च्या नावाने घरात घबराट असेल तर सांगावेसे वाटते की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याखेरीज ईसीटी देण्यास बंदी आहे, आणि आईंच्या वयात व या प्रकारच्या नैराश्यात तो आपल्या हातातील सर्वांत प्रभावी उपचार आहे. दीर्घ नैराश्यात हिप्पोकॅम्पसचा आकार काहीसा लहान होतो, हे वाचून आपण 'मेंदू सुकतो का' असे विचारले आहे. फरक लहान असतो, तो सगळ्यांत नसतो, आणि ईसीटीनंतर त्या भागाचा आकार वाढल्याचे एमआरआयवर अनेक गटांनी पाहिले आहे.

राहिला आपल्या मनातला प्रश्न: आईंना एकटे ठेवल्यामुळेच हे झाले का? क्रिस्टीन हाइम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की बालपणी अत्याचार सोसलेल्या आणि सध्या नैराश्य असलेल्या स्त्रियांना चारचौघांसमोर बोलण्याचा साधा ताण दिला, तरी त्यांचे एसीटीएच इतर स्त्रियांच्या सहापटीहून अधिक उसळते. म्हणजे फ्लोट किती संवेदनक्षम असेल, याचा बराचसा भाग फार पूर्वी, आनुवंशिकता आणि बालपण यांच्या मेळातून ठरलेला असतो. आपण लिहिले आहे की आपल्या धाकट्या बहिणीच्या जन्मानंतरही आईंना असाच त्रास होऊन गेला होता. पहिल्या नैराश्यामागे बहुधा ठळक आघात सापडतो, पुढच्या प्रत्येक वेळी त्याहून कमी कारण पुरते. वडिलांचे जाणे आणि एकटेपण यांचा वाटा होता, हे मी नाकारत नाही. पण आपण नोकरीसाठी शहरात राहिलात म्हणून हा आजार झाला, असे मानायला कोणताही आधार नाही.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना कॉर्टिसॉलच्या आकड्याऐवजी तीन गोष्टी लिहून न्या: आई दिवसात किती खातात-पितात, 'मी पाप केले, मला शिक्षा झाली पाहिजे' किंवा 'घरात आता दमडी उरली नाही' अशी आधारहीन वाक्ये बोलतात का, आणि मरणाचा विषय काढतात का. यांपैकी दुसरी गोष्ट असेल तर केवळ नैराश्यविरोधी औषध अपुरे ठरते आणि ईसीटीचा निर्णय लांबवू नये. मरणाच्या विषयाबद्दल एक जुना आकडा मी विसरू शकत नाही: नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ७८ रुग्णांचा १५ वर्षे मागोवा घेतल्यावर, डेक्सामेथासोनने कॉर्टिसॉल न दबलेल्यांमध्ये आत्महत्येची शक्यता २६.८ टक्के आणि दबलेल्यांमध्ये २.९ टक्के निघाली होती. लहान अभ्यास आहे आणि एकट्या रुग्णाचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही. पण घरातील कीटकनाशके, औषधांचा साठा आणि विहिरीकडचा एकटा वावर यांचा बंदोबस्त आजच करायला तो पुरेसा आहे. मध्यरात्री कुणाशी बोलावे लागले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आणि डॉक्टरांची वेळ शक्यतो सकाळची घ्या. कॉर्टिसॉलचे शिखर आणि मेलँकॉलियाची सर्वांत वाईट घटका या दोन्ही पहाटेच्याच, पण पहिलीमुळेच दुसरी येते हे सिद्ध झालेले नाही. व्यवहारात महत्त्वाचे एवढेच की संध्याकाळच्या ओपीडीत आई बऱ्यापैकी बोलतील, चहाही घेतील आणि तपासणाऱ्याला आजार आहे त्यापेक्षा सौम्य वाटेल. पहाटे तीन ते आठ या वेळात घरातील कुणीतरी त्यांच्या खोलीत झोपावे; वर ज्या बंदोबस्ताविषयी लिहिले, त्याची सर्वाधिक गरज याच पाच तासांत असते.